परबकाकांचा दुधी, भोपळा आणि वांगं

मुलुंडला आमच्या सोसायटीत परबकाकांबरोबर बाजारात जायला कोणी तयार नसायचं. त्यांची बायको नलूकाकी तर नाहीच नाही. कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची तर हा माणूस स्टेशनजवळच्या पहिल्या गाडीपासून सुरुवात करायचा, मंडईच्या पार शेवटच्या टोकापर्यंत प्रत्येक जुडी हुंगत जायचा आणि पुन्हा पहिल्या गाडीपाशी यायचा. तोवर तिथली कोथिंबीर संपलेली असायची. काकांना त्याची अजिबात खंत नसे. "घाई कसली? चुकीची वस्तू काय, कधीही मिळते," असं म्हणत ते रिकामी पिशवी हलवत घरी यायचे, आणि काकी आमटीला नुसती फोडणी द्यायची.

पंखा घ्यायचा झाला तेव्हा दुकानातल्या एकेका पंख्याखाली खुर्ची मांडून ते बसले होते. मान एका बाजूला कलती, डोळे मिटलेले, एक बोट वर. हे बोट फार महत्त्वाचं. ते खाली येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. बोट खाली आलं की ठरलेलं वाक्य यायचं, "परत एकदा लाव." गादीच्या दुकानात तर ते झोपलेच. म्हणजे खरोखर झोपले, घोरायलाही लागले, आणि दुकानदाराने घाबरून घरी फोन केला. काकी म्हणाली, "राहू दे. उठले की त्यांनाच विचारा कशी आहे." उठल्यावर काकांनी डोळे चोळत सांगितलं, की ही चांगली आहे, पण आता शेजारच्या गादीवर झोपून बघितल्याशिवाय नक्की कसं सांगणार?

लग्नाचीही तीच कथा. "मला बघायला तीनदा आले," काकी सांगायची. "चौथ्यांदा आले तेव्हा आमच्या बाबांनी सांगितलं, आता काय ते बोला, नाहीतर चहा मिळणार नाही. चहासाठी हो म्हणाले." काका शेजारीच बसलेले असायचे. ते गंभीरपणे म्हणायचे, "चहा खरंच चांगला होता रे."

अशा माणसावर माईक निवडायची वेळ आली, आणि ती आली आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. गिरणी बंद पडली, पुढे बायको गेली, आणि मग ते धाकट्याकडे राहायला आले. मुंबईत सगळं आयुष्य काढलं, पण तोंडातली मालवणी तसूभर हलली नाही. परबांकडे पाच दिवसांचा गणपती. आरती झाली, की आप्पा दोन्ही हातांत नारळ धरून देवापुढे उभे राहायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. मी मूळचा नगरचा, आमच्याकडे देवाला मनातल्या मनात मागायची पद्धत. आप्पांचं तसं नाही. ते सगळ्या खोलीदेखत, खणखणीत आवाजात, देवाला एकेक गोष्ट बजावून सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला आम्ही सगळ्यांनी मिळून "होय महाराजा" म्हणायचं. घराण्याच्या देवांची नावं, पूर्वजांची नावं, चुकलं-माकलं पोटात घालायची विनंती हे सगळं वडिलांपासून ऐकून आलेलं, कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी त्या त्या वर्षाचं खास मागणं. एका वर्षी त्यात आमच्या इमारतीची लिफ्टही होती. वरच्या मजल्यावरच्या मेहताभाभी गुजराती, पण त्यांचा "होय महाराजा" आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असायचा.

एका गणपतीत आप्पांना मध्येच खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. पाणी झालं, पाठीवरून हात फिरवून झाला. मग आप्पांनी नारळ काकांच्या हातात दिला. आप्पांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा त्यांच्यानंतर हे काम काकांकडेच येणार होतं. काका देवापुढे उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बा देवा महाराजा..."

"होय महाराजा," आम्ही म्हणालो.

पुढे काही येईना. काकांनी पुन्हा सुरुवात केली, "बा देवा महाराजा..."

"होय महाराजा."

असं बऱ्याच वेळा झालं. देवाला हाका मारमारून बोलावलं आणि सांगायचं काहीच नाही, अशी वेळ देवावरही क्वचितच आली असेल. शेवटी आप्पांनी नारळ काढून घेतला आणि खोकत खोकत पुरं केलं. कोणी हसलं नाही. आप्पांबरोबर हे गाऱ्हाणं जाणार, हे त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यात जास्त काकांना.

दुसऱ्याच आठवड्यात काका आमच्या दारात. "आप्पांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करतोय. घरच्या घरी, पण एकदम नीट. माईक कुठला घेऊ?"

"फोनवर करा ना, काका."

"फोनवर माणूस सिलिंडरचा नंबर लावतो. घराण्याचं गाऱ्हाणं आहे ते. तू अंधेरीला असतोस ना? तिथे सगळे स्टुडिओ. तुला कळणार."

मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत माल पाठवण्याचं काम बघतो. तिथला सगळ्यात कलात्मक आवाज म्हणजे चिकटपट्टी ओढल्याचा. हे मी काकांना अनेकदा सांगितलं. त्यावर ते एवढंच म्हणायचे, "पण जाता-येता कानावर पडत असेल ना काहीतरी."

मग इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून त्यांनी स्वतःच शोध लावला, की घरी आवाज भरायचा तर कन्डेन्सर माईक पाहिजे. साधा माईक तोंडापाशी असेल तेवढंच ऐकतो. कन्डेन्सरवाला बारीकसारीक सगळं ऐकतो, फक्त त्याला एका छोट्या डब्यातून वेगळी वीज द्यावी लागते. हे त्यांनी काकीला समजावून सांगितलं. काकी भाकरी थापत म्हणाली, "आणा, आणा. सगळं ऐकणारं कोणीतरी येऊ दे या घरात."

तुलना करायची म्हणजे एक आणून भागणार नव्हतं. एक माईक काकीच्या घाटकोपरच्या भाचीकडून मागून आणला, एक भजनी मंडळाच्या पेटीवाल्याकडून, आणि एक काकांनी जुन्या बाजारातून स्वतः पारखून घेतला, म्हणजे किती फेऱ्या झाल्या असतील त्याचा विचार करा. त्यांची इंग्रजी नावं आणि नंबर कोणाच्या लक्षात राहीनात, म्हणून काकीने रूप बघून बारसं केलं. लांबट, फिकट होता तो दुधी. आखूड आणि जाडजूड तो भोपळा. काळाजांभळा, चकचकीत ते वांगं. "दुधी काढून भोपळा लाव रे," असं काका गॅलरीतून मला ओरडून सांगायचे, आणि खालून जाणारे लोक वर बघायचे.

आवाज घुमू नये म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे लावावेत, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. आमची निम्मी इमारत कांदासुद्धा न खाणाऱ्यांची. काका रस्त्यावरच्या भुर्जीवाल्याकडून अंड्यांच्या ट्रेची डोक्यापर्यंत उंच चळत घेऊन लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा आत मेहताभाभी होत्या, देवळातून आलेल्या. संध्याकाळी खाली येऊन त्या काकीला हळूच विचारून गेल्या, "परबभाईला डॉक्टरने सांगितलं का एवढं खायला?"

ट्रे लावले तरी रस्त्यावरची रिक्षा ऐकू येतच होती. मग काका माईक घेऊन कपाटात शिरले. साड्या आणि गोधड्यांमध्ये आवाज छान मुरतो, हे त्यांचं म्हणणं खरंही निघालं. पण काकी साड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवायची. काकांना दर दोन शब्दांनी शिंक यायची. तोंडची हवा माईकवर आदळू नये म्हणून पुढे चहाची गाळणी बांधलेली होती, ती शिंकेने उडून काकीच्या पैठणीत अडकली. तिन्ही भाज्यांवरच्या शिंका काकांनी मला ऐकवल्या. "वांग्यावरची जरा गोड वाटते ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. काय म्हणणार?

खरी पंचाईत तर वेगळीच होती. चाचणीसाठी काहीतरी बोलायला हवं, आणि काकांना गाऱ्हाण्यातलं "बा देवा महाराजा" एवढंच येत होतं. ते त्यांनी म्हटलं रे म्हटलं, की स्वयंपाकघरातून काकी "होय महाराजा" म्हणायची. खालून गाडी धुता धुता वॉचमन म्हणायचा. वरच्या गॅलरीत मेहताभाभी पापड वाळत घालत असल्या तर त्या म्हणायच्या. मी चपला घालता घालता जिन्यात म्हणालोय. मुद्दाम नाही हो, इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून जायचं. काका हेडफोन लावून डोळे मिटायचे, मान कलती करायचे, बोट वर करायचे आणि ते खाली आणून म्हणायचे, "पुन्हा कोणीतरी बोललं. परत एकदा घेऊ."

भोपळ्याचा कान सगळ्यांत तिखट. एकदा काका धावत आले, हेडफोन माझ्या कानाला लावला. आत दोन भिंतींपलीकडून काकी तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "माणूस चांगला आहे गं," काकी म्हणत होती, "पण निव्वळ निरुपयोगी. मी होते म्हणून संसार झाला." माझं तोंड कसनुसं झालं. काकांचा चेहरा मात्र आनंदाने फुललेला. "ऐकलंस? 'निरुपयोगी'मधला 'प' ऐकलास? किती स्वच्छ आलाय. नळ सुरू असताना."

त्यांचा निकाल रोज बदलायचा. दुधीचा आवाज पातळ. वांगं गोड, पण त्यात 'स' टोचतो. भोपळा भरदार, पण अख्खी इमारत ऐकतो. सकाळी दुधी जिंकायचा, दुपारी वांगं. इकडे आप्पांचा आवाज महिन्यामहिन्याला बसत चालला होता. दोन वाक्यं बोलले की दम लागायचा. मला काकांचा राग यायला लागला होता. एकदा मी स्पष्टच म्हणालो, "काका, कुठलाही लावा आणि भरून टाका. आप्पा थांबणार आहेत का तुमच्या निवडीसाठी?" काका गाळणीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "एकदाच मिळणार आहे रे ते. म्हणूनच भीती वाटते."

शेवटी एका रविवारी मुहूर्त ठरला. बेडरूममध्ये दोन खुर्च्यांवर गोधड्या टाकून काकांनी तंबू केला आणि आप्पांना आत स्टुलावर बसवलं. समोर वांगं. मेहताभाभींना कुकर लावू नका म्हणून सांगून झालं, वॉचमनला तंबी दिली, लिफ्ट हलू नये म्हणून मला तिचं दार धरून उभं करायचं ठरलं होतं, पण ऐकायच्या मोहाने मी तंबूच्या बाहेरच थांबलो. "कोणी 'होय' म्हणायचं नाही," काकांनी बजावलं. "फक्त आप्पांचा आवाज पाहिजे." आम्ही सगळे तोंडावर हात धरून बसलो. काकांनी बोट वर केलं.

"बा देवा महाराजा," गोधडीतून आवाज आला. आणि थांबला.

आम्ही गप्प. काका हाताने पुढे, पुढे अशी खूण करत होते, पण गोधडीतून खूण कशी दिसणार?

"बा देवा महाराजा," पुन्हा आवाज आला. पुन्हा शांतता.

"मेलात काय रे सगळे?" आप्पा आतून गरजले.

काकांनी गोधडी उचलली आणि समजावलं. आप्पा घामाने थबथबलेले. "होय म्हणूक कोण नाय तर पुढचा सुचतला कसा?" ते म्हणाले. "आणि देवाक सांगूचा ता ह्या वांग्याक कित्याक सांगू?" स्टूल मागे सारून ते उठले, एक गोधडी अंगावर तशीच घेऊन हॉलमध्ये गेले आणि बातम्या लावून बसले. पुन्हा म्हणून तंबूत शिरले नाहीत.

गणपती आले. काकांनी देवाच्या उजव्या हाताला तिन्ही माईक मांडून ठेवले होते. वीज देणाऱ्या डब्याला मात्र एका वेळी एकच माईक जोडता यायचा. आरती संपत आली तरी काका वायर हातात धरून बसलेले, दुधीला लावत होते, काढत होते, वांग्याला लावत होते. आप्पांनी नारळ घेतला आणि त्यांची नजर तिकडे गेली. "ह्यो काय भाजीबाजार मांडलंस, वसल्या?" काकांचं नाव वसंत, आणि आप्पांच्या तोंडी ते कायम वसल्या.

"एक मिनिट, आप्पा. फक्त एक मिनिट."

काकी स्वयंपाकघरातून आली, हाताला मोदकाची उकड लागलेली. तिने काकांच्या हातातून वायर घेतली, जो माईक जवळ होता त्याला खुपसली, आणि म्हणाली, "झालं. म्हणा, आप्पा." तो भोपळा होता.

त्या दिवशी आप्पा सगळा जीव एकवटून बोलले. देवांची नावं झाली, पूर्वज झाले. मध्येच वरून मेहताभाभींच्या कुकरची लांबलचक शिट्टी आली, कारण भाभी खाली आमच्यात होत्या आणि कुकर वर एकटा. आप्पा शिट्टी संपेपर्यंत थांबले आणि मग पुढे निघाले. 'चुकला माकला पदरात घे' म्हणताना खोकला आला, तीन ठसके, तेही झाले. आणि अगदी शेवटी, त्या वर्षीचं मागणं म्हणून, आप्पांनी नारळ उंच धरला. "आणि ह्या वसल्याक, काय ता एक निवडूची बुद्धी दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" घर हादरलं. इतक्या एकमताने आमच्या सोसायटीत दुसरं काहीही मंजूर झालेलं नाही.

रेकॉर्डिंग ऐकून काका डोक्याला हात लावून बसले. "वाट लागली रे. शिट्टी आहे, खोकला आहे, मेहताभाभी तर माईकमध्येच बसल्यासारख्या ओरडतायत." मग त्यांनी कॉम्प्युटरवर साफसफाई सुरू केली. खोकला कापला की त्याच्याबरोबर 'पदरात घे' जायचं. शिट्टी घालवली की आप्पा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटायचे. वर्षभर हा माणूस हेडफोन लावून गॅलरीत बसलेला दिसायचा, डोळे मिटलेले, बोट वर, ओठ हलतायत. आम्ही हाका मारणं सोडून दिलं. आता माईकऐवजी तीन रेकॉर्डिंगांची तुलना चालली होती, एक मुळातलं, एक अर्धं साफ, एक पूर्ण साफ. कुठलंच पसंत पडत नव्हतं.

त्या वर्षात आप्पांचा आवाज गेला. डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितलं, पण खरं म्हणजे विश्रांती द्यायलाही फारसं काही उरलं नव्हतं. खुणा करायचे, फार झालं तर कुजबुजायचे.

पुढचा गणपती हा आमच्या जुन्या इमारतीतला शेवटचा. नंतर ती पाडायला काढली, परब बदलापूरला गेले, आम्ही भांडुपला आलो. काकांना मी नीट डोळे भरून पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं. आरती झाली. काकांनी स्पीकर आणून ठेवला होता, आप्पांचं गाऱ्हाणं त्याच्यावर लागणार होतं. आम्ही हात जोडून उभे. आप्पा देवासमोर खुर्चीत, मांडीवर नारळ.

काका स्पीकरपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग वळून आम्हाला विचारलं, "कुठलं लावू? मुळातलं, की अर्धं साफ केलेलं?"

काकीने कपाळावर हात मारला. आप्पांनी मांडीवरचा नारळ उचलला आणि काकांपुढे धरला. मागे घेणार नाही असा. काकांनी तो घेतला, कारण दुसरं करणार काय? मला आधीच्या गणपतीतल्या त्यांच्या नुसत्या हाकाच आठवल्या.

"बा देवा महाराजा," काका म्हणाले.

"होय महाराजा."

आणि पुढचं आलं. त्याच्या पुढचंही आलं. देवांची नावं ओळीने आली, पूर्वज आले, कोणी एक सुटला नाही. स्वर आप्पांचा, हेल आप्पांचा, घरात एरवी मराठी बोलणारा हा माणूस चक्क मालवणीत देवाला बजावत होता. एका ठिकाणी काका मध्येच थांबले आणि बराच वेळ काही बोलेनात. विसरले, असं मला वाटलं. काकी माझ्या कानाशी पुटपुटली, "तिथे शिट्टी आहे." शिट्टीपुरता वेळ गेला आणि काका पुढे निघाले. 'पदरात घे'च्या आधी ते खोकले, बरोबर तीन ठसके. आप्पांनी खुर्चीत भुवया वर केल्या.

शेवटाला आले तेव्हा काकांनी नारळ उंच धरला. आपण काय म्हणतोय याचा त्यांना पत्ता नसावा, जसं ऐकलं तसं येत होतं. "आणि ह्या वसल्याक, काय ता एक निवडूची बुद्धी दी रे महाराजा."

आम्हाला हसू फुटलं, त्यामुळे म्हणायला क्षणभर उशीर झाला. त्या फटीत खुर्चीतून, फाटका, खरखरीत, जेमतेम ऐकू येईल असा आवाज आला. "होय महाराजा."

आप्पांनी आजवर गाऱ्हाणं घातलं होतं, त्याला 'होय' कधी म्हटलं नव्हतं. काकांच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये हे दोन शब्द आप्पांच्या आवाजात नव्हते. काकांच्या हातातला नारळ तसाच उंच. मान एका बाजूला कलली, डोळे मिटले, आणि नारळावरचं एक बोट सावकाश वर झालं. मग ते बोट खाली आलं.

"परत एकदा घेऊ," काका म्हणाले, आणि देवाकडे नव्हे, आप्पांच्या खुर्चीकडे वळून त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली.